लसीचा दिवस: आदल्या रात्रीपासून दुसऱ्या सकाळपर्यंत काय करायचं, कोणत्या क्रमाने

लसीकरणाच्या खोलीबाहेरच्या बाकावर तासभर बसा, बहुतेक घरांचा क्रम एकच दिसेल. बाळ झोपलेलं असतं. नाव पुकारलं की त्याला दचकवून उठवतात, उभ्याउभ्या घट्ट लेगिंग ओढून काढतात आणि टेबलावर आडवं टाकतात. आजी हात धरते, बाबा पाय धरतात, आई तोंड फिरवून उभी राहते. सुई टोचते, बाळ किंचाळतं, ‘झालं झालं’ करत सगळे बाहेर येतात. पुढची दहा मिनिटं खुळखुळा, मोबाईल, येरझाऱ्या. मग कुणीतरी म्हणतं, ‘अगं, पाज की त्याला.’ दूध तोंडाला लागतं आणि बाळ गप्प होतं.

म्हणजे सगळं केलं, फक्त उलट्या क्रमाने केलं. दूध सुईच्या आधी सुरू व्हायला हवं होतं.

माझी दोन आणि बहिणीचं एक, अशा तीन बाळांच्या डोसांना मी गेले आहे, कधी ठाण्यात, कधी ऐरोलीत. मोठ्याच्या वेळी वर लिहिलेला एकूण एक गोंधळ मी स्वतः घातला. धाकटीच्या वेळी क्रम बदलला. रडली तीही, पण मिनिटभरच.

टप्पा १. आदल्या दिवशी कार्ड उघडा

उद्या किती सुया आहेत आणि कुठे टोचणार, हे आदल्या दिवशीच माहीत हवं. कपडे काय घालायचे आणि बाळाला धरायचं कसं, दोन्ही त्यावरच ठरतं. सरकारी वेळापत्रकात साधारण असं असतं:

जन्मल्यावर लगेच बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओचे थेंब आणि २४ तासांच्या आत कावीळ-बीची लस. हे प्रसूतिगृहातच होतं.

६ आठवड्यांना तीन सुया आणि तोंडावाटे दोन लसी. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांची एकत्र लस), उजव्या मांडीत न्यूमोकोकलची (न्यूमोनियावरची) पीसीव्ही, उजव्या दंडात कातडीच्या थरातच पोलिओचं छोटं इंजेक्शन. तोंडावाटे पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसची लस.

१० आठवड्यांना एकच सुई, डाव्या मांडीत. तोंडावाटे त्याच दोन.

१४ आठवड्यांना पुन्हा ६ आठवड्यांसारखंच, तीन सुया. १० आठवड्यांचा डोस सोपा गेला म्हणून घरातले गाफील राहतात आणि इथे फसतात. आम्हीही इथेच फसलो.

९ महिन्यांना गोवर-रुबेला उजव्या दंडात, पीसीव्हीचा बूस्टर उजव्या मांडीत, पोलिओचं तिसरं इंजेक्शन डाव्या दंडात. शिवाय व्हिटॅमिन एचा १ मिलीचा डोस तोंडाने.

१६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस दंडात, ‘डीपीटी’चा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर मांडीत आणि पोलिओचे थेंब. मग ५ ते ६ वर्षांना डीपीटीचा दुसरा बूस्टर, हा दंडात.

मोठ्या मुलाचं जुनं कार्ड काढून धाकट्याचं ताडून पाहू नका, गोंधळ होईल. पीसीव्ही २०२१मध्ये सगळीकडे सरकारी यादीत आली आणि ९ महिन्यांचं पोलिओचं तिसरं इंजेक्शन जानेवारी २०२३पासून सुरू झालं. ‘आमच्या थोरल्याला तर एवढ्या सुया नव्हत्या’ असं जाऊबाई म्हणाल्या, तर त्यांचंही खरंच आहे.

खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे यात फ्लू, टायफॉइड, कांजिण्या, कावीळ-ए यांची भर पडते आणि ‘पेनलेस’ नावाची एक महागडी लसही मिळते. या नावाने बरेच जण फसतात. सुई तीच असते, टोचतेही तेवढीच. फरक नंतर पडतो: ताप आणि सूज कमी येते. घ्यायची की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण ‘पेनलेस’ घेतली म्हणून या लेखातली तयारी सोडू नका.

*तपासा:* बाळाला साधी सर्दी, किंचित खोकला, दात येतानाची कसकस असेल तर डोस पुढे ढकलायचं कारण नाही. चांगलाच ताप असेल, बाळ मलूल असेल किंवा आधीच्या डोसानंतर अंगावर गांधी, श्वासाचा त्रास, झटके असं काही झालं असेल, तर टोचण्याआधी सांगायचं. नंतर आठवून उपयोग नाही. बाळ महिनाभर आधी जन्मलं असेल तरी वय जन्मतारखेपासूनच मोजतात.

टप्पा २. पिशवी रात्रीच भरा

कार्ड सगळ्यात आधी. यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लस-नोंदणीत, ज्या मोबाईल नंबरने नोंद झाली आहे तो फोनही सोबत हवा. तो बहुतेक वेळा बाबांकडे असतो आणि बाबा ऑफिसला गेलेले असतात.

बाकी: दोन दुपटी, एक जास्तीचं झबलं, दोन डायपर, पाजताना आडोशाला सुती ओढणी. बाळ वरच्या दुधावर असेल तर उकळून घेतलेली बाटली आणि गरम पाण्याचा थर्मास. सहा महिन्यांपुढच्या बाळाला त्याचं नेहमीचं एखादं खेळणं आणि एक असं, जे त्याने आधी पाहिलेलंच नाही. नवं खेळणं पिशवीच्या तळाशी ठेवा आणि सुईच्या क्षणापर्यंत बाहेर काढू नका. रांगेत कंटाळून आधीच हातात दिलंत, तर ऐन वेळी त्याची जादू संपलेली असते.

दीड वर्षापुढच्यांसाठी साबणाच्या फुग्यांची बाटली. ठाण्यात तलावपाळीवर किंवा कुठल्याही स्टेशनबाहेर मिळते. दहा-वीस रुपयांत याहून चांगलं साधन मी पाहिलेलं नाही.

टप्पा ३. सकाळ: वेळ आणि कपडे

भुकेची वेळ उलटी मोजा. आम्ही १४ आठवड्यांच्या डोसाला आठ वाजता पाजून निघालो, घोडबंदर रोडला रिक्षा अडकली, पुढे रांग, आणि टोचायला सव्वाअकरा वाजले. तोवर बाळ भुकेने आधीच रडत होतं. वर सुई. दोष कुणाचा नाही, हिशोब चुकला. आता मी घरून निघताना थोडंसंच पाजते आणि खरं पाजणं खोलीतल्या खुर्चीसाठी राखून ठेवते.

‘डोसाआधी पाजू नकोस, ओकेल’ असं घरातली मोठी माणसं सांगतात. पोलिओच्या थेंबांआधी-नंतर अर्धा तास दूध बंद, असंही सांगतात. तोंडावाटेच्या लसींसाठी अंगावरचं दूध थांबवायची गरज नाही. अगदी गच्च पोट करून नेऊ नका, इतकंच.

कपडे असे हवेत की दोन्ही मांड्या आणि दोन्ही दंड दहा सेकंदांत मोकळे होतील. पुढून नाड्यांचं बिनबाह्यांचं झबलं आणि डायपर, बस. लेगिंग, पायमोज्याचा जोडसूट, डोक्यावरून काढायचा फ्रॉक नको. पावसाळ्यात वरून दुपटं गुंडाळा. ते काढायला वेळ लागत नाही.

गोवर-रुबेला किंवा बीसीजी असेल त्या दिवशी सकाळीच पोचा. या लसींची वायल, म्हणजे छोटी बाटली, सोबतचं द्रव घालून एकदा तयार केली की ४ तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून देतात. त्यामुळे बरीच केंद्रं ठरावीक वारी, मुलं एकत्र जमवून ही वायल उघडतात. दुपारी एकटेच पोचलात तर ‘पुढच्या वारी या’ असं ऐकावं लागू शकतं. वार कोणता, ते आशाताईंना आधी विचारून ठेवा. वस्तीत अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात सत्र भरत असेल तर तेही त्यांनाच माहीत असतं, आणि तिथली रांग बहुधा लहान असते.

सावध: निघण्याआधी या गोष्टी नकोत

पॅरासिटामॉल आधीच पाजून नेऊ नका. सुईच्या दुखण्यावर त्याचा उपयोग होत नाही, आणि आधीच दिल्यास काही लसींना शरीराचा प्रतिसाद थोडा कमी पडतो असं दिसलं आहे. ताप आला तर नंतर द्यायचं औषध आहे ते.

बधिर करणारं मलम मैत्रिणीच्या सांगण्यावरून लावू नका. ते साधारण तासभर आधी लावावं लागतं, किती आणि कुठे हे डॉक्टरच सांगू शकतात, आणि तान्ह्या बाळांत जास्त झालं तर धोक्याचं आहे.

बाळ शांत राहावं म्हणून गुटी, मध, साखरपाणी चाटवू नका. मध तर वर्षाच्या आत कोणत्याही कारणाने नाही.

टप्पा ४. खोलीत शिरल्यावर सिस्टरशी बोला

गर्दीच्या दिवशी सिस्टरकडे एका बाळाला दोन-तीन मिनिटं असतात. त्यांना उपदेश नको असतो, तुमची तयारी दिसायला हवी. मी एवढंच म्हणते: ‘सिस्टर, मी खुर्चीत मांडीवर घेऊन बसते, पाजत असतानाच द्याल का? पाय मी धरते.’ आजवर एकदाच नाही ऐकलं, तेही जागाच नव्हती म्हणून. तेव्हा मी बाहेर बाकावर पाजायला सुरुवात केली आणि नंबर आल्यावर उभ्यानेच छातीशी धरून आत गेले.

मग क्रम. तोंडावाटेच्या लसी आधी, सुया नंतर. रोटाव्हायरसची लस गोडसर असते, ती आधी मिळाली तर सुईच्या वेळी तिचाही थोडा उपयोग होतो. शिवाय रडणाऱ्या बाळाच्या तोंडात काहीही घातलं तर निम्मं हनुवटीवरून ओघळतं. लस बाहेर आली तर तिथेच सांगा. पुन्हा द्यायची की नाही ते सिस्टर ठरवतील. सुयांमध्ये जी जास्त झोंबते ती शेवटी द्यायची असते, आणि कोणती झोंबते हे सिस्टरना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

तिन्ही सुया एकाच दिवशी देतात म्हणून घाबरून ‘एक आज, दोन पुढच्या आठवड्यात’ अशी वाटणी मागू नका. बाळाला दोनदा त्याच खोलीत यावं लागेल, आणि मधल्या काळात ते असुरक्षित राहील.

टप्पा ५. धरणं आणि टोचणं

या टप्प्याचं काम दोन-तीन मिनिटांत संपतं, आणि जवळपास सगळ्या चुका इथेच होतात.

आडवं टाकून चौघांनी दाबून धरणं ही सगळ्यात मोठी चूक. बाळाला टेबलावर उताणं टाकलं आणि हातपाय आवळले की सुई लागायच्या आधीच ते घाबरतं. अंगाशी, डोकं वर, आईच्या किंवा बाबांच्या छातीला टेकलेलं, असं हवं.

*सहा महिन्यांच्या आतलं बाळ.* पाठ टेकवून खुर्चीत बसा. झबलं सोडा, डायपरची पट्टी सैल करा. बाळाला नेहमीच्या पाजायच्या पद्धतीने आडवं छातीशी घ्या, ज्या मांडीत टोचायचं ती सिस्टरच्या बाजूला. बाळाचा आतला हात तुमच्या काखेखालून पाठीकडे जाऊ द्या. तुमचा मोकळा हात बाळाच्या गुडघ्याच्या वर अलगद पण पक्का ठेवा. आवळायचं नाही, झटका बसू द्यायचा नाही, इतकंच. आता पाजायला सुरू करा आणि बाळ नीट लागेपर्यंत, गाल भरून ओढायला लागेपर्यंत थांबा. मगच सिस्टरना मान हलवा. सुई लागली की बाळ स्तन सोडून रडेल. तसंच जवळ ठेवा, पुन्हा लावा. दुसऱ्या मांडीसाठी कूस बदला, पुन्हा ओढू द्या, मग दुसरी सुई. सगळं झाल्यावरही काही मिनिटं पाजत राहा.

पाजताना टोचलं तर ठसका लागेल, ही भीती माझ्या आईलाही होती. तशी काळजी करायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनाही लस देताना किंवा लगेच आधी स्तनपान द्यायला सांगते. ‘बाळाला दूध आणि दुखणं यांची सांगड बसेल’ असंही कुणी म्हणतं. पुढच्या तासाला ते नेहमीसारखंच पितं, तीन बाळांत पाहिलं.

वरच्या दुधाचं बाळ असेल किंवा बाबा घेऊन गेले असतील, तर कपडा मध्ये न ठेवता उघड्या छातीशी धरणं, हळू झुलवणं आणि कानाशी गुणगुणणं हे तिन्ही एकदम करा. बाबांच्या शर्टाची वरची बटणं उघडली तर कुणी हसत नाही. हसलं तर हसू दे.

*नऊ महिने ते दोन वर्षं.* आता बहुतेक सुया दंडात आहेत, आणि बाळाला खोली ओळखू येते. मांडीवर तुमच्याकडे तोंड करून बसवा, दोन्ही पाय तुमच्या कमरेभोवती, मिठी मारल्यासारखं. ज्या दंडात सुई तो बाहेर राहील, दुसरा हात तुमच्या काखेखाली जाईल. मांडीची सुई असेल तर एका मांडीवर आडवं बसवून त्याचे पाय तुमच्या दोन्ही मांड्यांमध्ये अलगद धरा. आता पिशवीच्या तळाचं खेळणं. दुसरं माणूस तुमच्या पाठीमागे उभं राहून ते वाजवेल किंवा फुगे उडवेल, म्हणजे बाळाचं तोंड आपोआप सुईपासून वळतं. मोबाईलवरचं गाणंही चालतं, पण सुईच्या आधी अर्धा मिनिट सुरू करा. किंचाळी फुटल्यावर लावलेलं गाणं ऐकायला कुणी नसतं.

आणि तुमचा चेहरा. मुलं सुई बघण्याआधी आईचा चेहरा बघतात. ज्याला सुई पाहवत नाही त्याने धरायला बसू नये. आमच्याकडे मी बसते, कारण नवरा कापूस पाहूनच घामाघूम होतो.

*टोचून झाल्यावर:* कापूस फक्त अलगद टेकवायचा. चोळायचं नाही. दंडातल्या पोलिओच्या इंजेक्शनवर आणि बीसीजीवर दाबायचंही नाही. तिथे छोटासा फुगवटा दिसतो, तो दिसायलाच हवा.

तोंडाने काय बोलता, तेही मोजून. ‘काही नाही झालं’ हे खोटं आहे, त्याला तर झालंय. ‘बिचारं माझं बाळ, किती दुखलं गं’ असा गहिवरही नको, त्याने बाळ आणखी घाबरतं. सपाट, नेहमीच्या आवाजात ‘टोचलं ना. मी आहे इथे. चल, फुगा फोडू,’ आणि पुढे.

टप्पा ६. अर्धा तास तिथेच

टोचून झाल्यावर ३० मिनिटं केंद्रातच बसायचं. रिक्षा थांबवली आहे, लोकल चुकेल, हे चालणार नाही. लसीची गंभीर ॲलर्जी अगदी क्वचित येते, पण आली तर बहुधा याच वेळात, आणि तिच्यावरचं इंजेक्शन तिथेच हाताशी असतं. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, घरघर, एकदम ढिलं किंवा पांढरं पडणं, यातलं काही दिसलं तर बाकावर बसून वाट बघू नका, सरळ खोलीत शिरा.

या अर्ध्या तासात कार्ड तपासा. आजची तारीख सगळ्या रकान्यांत पडली का? पुढची तारीख लिहिली का? आज काय दिलं, त्याने काय होऊ शकतं, हे सिस्टर सांगतात. न सांगितलं तर विचारा. मी या वेळात आणखी एक गोष्ट लिहून घेते आणि पुढच्या टप्प्यात तीच लागते: पॅरासिटामॉल किती मिली, आणि कोणत्या बाटलीतलं.

टप्पा ७. घरी: ताप आणि सूज

पेंटाव्हॅलेंटनंतर पहिले एक-दोन दिवस ताप, किरकिर, जास्त झोप, मांडीला लाली आणि थोडी सूज हे अपेक्षित आहे. गोवर-रुबेलाचं गणित वेगळं. तिचा ताप किंवा बारीक पुरळ साधारण ७ ते १२ दिवसांनी येतो. तोवर घरातले लस विसरलेले असतात आणि ताप आला की दुसरंच काहीतरी शोधत बसतात. म्हणून कॅलेंडरवर त्या आठवड्याला खूण करून ठेवा.

ताप हाताने नाही, थर्मामीटरने मोजा. काखेत लावा, पूर्ण वेळ धरा.

आता बाटलीची गोष्ट, नीट वाचा. पॅरासिटामॉलचं प्रमाण वजनावर असतं: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. पण दुकानात ते वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. ड्रॉपरच्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५, तर काहींत २५०. म्हणजे ५ किलोच्या बाळाला ७५ मिलिग्रॅम द्यायचे असतील तर ड्रॉप्सचे पाऊण मिली होतात आणि १२०च्या सिरपचे साधारण ३ मिली. सिरपसाठी लिहिलेले ३ मिली ड्रॉप्सच्या बाटलीतून दिले तर चौपट औषध जातं. आमच्या घरी सासूबाईंनी चमचा भरलाच होता, लेबल मी वाचलं म्हणून हात थांबला. त्यांची चूक म्हणवत नाही. दोन्ही बाटल्या गुलाबी आणि नाव तेच.

म्हणून बाटली घरात येताच तिच्यावर मार्करने लिहा: बाळाचं वजन, किती मिली, शेवटचा डोस किती वाजता. ॲस्पिरिन देऊ नका. आयबुप्रोफेन सहा महिन्यांच्या आत नाही, पुढेही डॉक्टरांनी सांगितलं तरच.

*तपासा:* तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ किंवा जास्त असेल, तर औषध देण्याआधी डॉक्टरांना फोन करा, जरी कालच लस झालेली असली तरी. कुठल्याही वयात ताप ४८ तासांपुढे चालू राहिला तर तो लसीचा समजून बसू नका.

सुजेवर स्वच्छ, गार पाण्यात पिळलेला सुती कपडा पाच-दहा मिनिटं ठेवायचा. गरम शेक नाही, मालिश नाही, हळद नाही, चुना नाही. मांडीत वाटाण्याएवढी गाठ लागली आणि ती दुखत नसेल, तर काही आठवड्यांत विरते. अंघोळ घालता येते, फक्त ती जागा चोळू नका. तेल-मालिश करणाऱ्या मावशींनाही हे सांगून ठेवा, नाहीतर त्या दुसऱ्या दिवशी मन लावून नेमकी तीच मांडी रगडतात.

ताप आहे म्हणून कुंची, स्वेटर, गोधडी? एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात, पंखा बंद करून? असं गुंडाळलं तर ताप उतरायचं सोडून चढतो. एक सैल झबलं, पंखा मंद, आणि पाजणं नेहमीपेक्षा जास्त वेळा.

बीसीजीबद्दल वेगळं सांगते. त्या दंडावर काही आठवड्यांनी फोड येतो, पिकल्यासारखा दिसतो, फुटतो, खपली धरतो आणि व्रण राहतो. हे लसीचं ठरलेलं काम आहे. मलम, पावडर, पट्टी काही नको, दाबून पू काढू नका. व्रण उठलाच नाही तरी पुन्हा टोचायची गरज नसते. काखेत मोठी गाठ आली तर दाखवा.

थेट दवाखान्यात

तीन तासांहून जास्त, काही केल्या न थांबणारं रडणं. झटके. बाळ निपचित, फिकट, पाजायला न उठणारं. श्वास घ्यायला त्रास. दोन-तीन दिवसांनीही वाढत जाणारी लाल, गरम, टणक सूज. आणि रोटाव्हायरसनंतरच्या दिवसांत बाळ थांबून-थांबून पाय पोटाशी घेऊन कळवळत असेल, उलट्या होत असतील, शीमधून रक्त जात असेल, तर आतडं अडकल्याची शंका असते. अशा वेळी घरगुती उपाय नाही, उद्यावर ढकलणं नाही. १०८वर फोन करा, लस कोणती आणि कधी घेतली ते सांगा, कार्ड सोबत न्या. नंतर केंद्रालाही कळवा, त्याची नोंद व्हावी लागते.

टप्पा ८. पाच वर्षांच्या मुलाचं काय

डीपीटीच्या दुसऱ्या बूस्टरला मूल बोलतं, पळतं आणि त्याला सगळं आठवतं. इथली तयारी खरं तर दोन वर्षं आधीपासून बिघडवलेली असते, आणि ती आपणच बिघडवतो. ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई देतील.’ दिवसातून तीनदा शिक्षा म्हणून ज्याची धमकी दिली, तीच गोष्ट पाचव्या वर्षी ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून कशी पटणार? घरात आजी-आजोबा, शेजारच्या काकू, सांभाळणाऱ्या ताई, सगळ्यांना ही धमकी बंद करायला सांगा. अवघड आहे. आमच्याकडे वर्ष लागलं.

दुसरी चूक फसवून नेण्याची. ‘चल, तलावपाळीला जाऊ’ म्हणून आरोग्य केंद्रात नेलं, की पुढच्या वेळी ते खऱ्या तलावपाळीलाही यायला कुरकुरतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्याच सकाळी सांगा, पाच-सहा वर्षांच्याला आदल्या दिवशी. आठवडाभर आधी सांगितलं तर आठवडाभर भीती पिकते.

सांगायचं खरं आणि थोडकं: ‘उद्या दंडात इंजेक्शन आहे. कुणाला टोचल्यासारखं वाटतं, कुणाला नुसतं दाबल्यासारखं. तुला कसं वाटलं ते मला नंतर सांग.’ त्याला एक काम मिळतं. ‘अजिबात दुखणार नाही’ म्हणू नका. दुखलं तर तुम्ही खोटे ठरता.

रात्री बाहुलीला किंवा टेडीला टोचण्याचा खेळ करा, खेळण्यातलं स्टेथोस्कोप असेल तर आणखी छान. मुलाला दोन-तीन निवडी द्या: मांडीवर बसायचं की शेजारी, बघायचं की नाही, भिरभिरं फुंकायचं की खोकायचं. टोचायचं की नाही ही निवड देऊ नका. खोकण्याची युक्ती अशी: सुईच्या आधी एकदा खोक, आणि सिस्टरने ‘आता’ म्हटलं की पुन्हा जोरात खोक. घरी दोन-तीनदा सराव करा. भिरभिऱ्यावर लांब फुंकर मारली तरी तेच होतं, दंड सैल पडतो आणि लक्ष श्वासाकडे जातं.

‘मुलगे कुठे रडतात’, ‘बघ ती ताई रडली नाही’ हे नको. रडायला पूर्ण परवानगी, फक्त हात हलवायचा नाही, असं सांगितलं की मूल तेवढं पाळतं. कबूल केलेलं बक्षीस रडल्यावरही द्या. तलावपाळी कबूल केली असेल तर त्याच संध्याकाळी जा.

तारीख हुकली तर

गावी गेलो, बाळ आजारी होतं, लोकल बंद होत्या, आणि डोस राहिला. अशा वेळी बरेच जण ‘आता पहिल्यापासून सुरू करावं लागेल, ओरडतील’ म्हणून जायचंच टाळतात. आधीचे डोस वाया जात नाहीत. जिथे थांबलात तिथून पुढे चालू होतं, मध्ये किमान ४ आठवड्यांचं अंतर ठेवून. काही लसींना मात्र वयाची मर्यादा आहे. बीसीजी, पहिला पेंटाव्हॅलेंट आणि पहिला रोटाव्हायरस हे सरकारी केंद्रात वर्षाच्या आतच सुरू करावे लागतात. म्हणून उशीर झाला असेल तर पुढच्या महिन्याची वाट न बघता याच आठवड्यात कार्ड घेऊन जा.

घर बदललं असेल, ठाण्यातून घणसोलीला किंवा पनवेलकडे गेला असाल, तरी जुन्याच केंद्रात जायची सक्ती नाही. कोणत्याही सरकारी केंद्रात तेच कार्ड चालतं आणि डोस फुकट मिळतो. कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, दोघांच्याही फोनमध्ये.